शड्डू सगळेच शिकवतात. थाप कोण शिकवणार?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोलापुरात ठिकठिकाणच्या विहारांतून धम्म संस्कार शिबिरे सुरू होतात. वंदना, पंचशील, बाबासाहेबांचे चरित्र, स्पर्धा परीक्षांची ओळख आणि अलीकडे हमखास एक तास स्वसंरक्षणाचा. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र या तासाचे स्वरूप बदलत चालले आहे. पूर्वी कराटेचे ठोसे आणि लाथा हवेत मारल्या जात. आता मोबाईलवर एमएमएच्या लढती आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या रील्स पाहून आलेली मुले एकमेकांच्या गळ्याला विळखा घालतात, कोपर उलटे वाकवून पाहतात आणि विचारतात, "दादा, हा लॉक शिकवा ना."

शिकवायला हरकत नाही. पण हवेत मारलेली लाथ कोणाला लागत नाही, गळ्याला घातलेला विळखा लागतो. म्हणून या पकडी म्हणजे नेमके काय, त्यात शरीराचे काय होते आणि त्या सुरक्षितपणे कशा शिकाव्यात, हे शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि शिकणाऱ्या युवक-युवतींनी समजून घेतले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: आधी थाप शिकवा, मग पकड. जिथे थाप देणाऱ्याला हसले जाते, तिथे पकड शिकवूच नये.

कुस्ती आणि सबमिशन यांतला फरक

सोलापूर हा कुस्तीचा जिल्हा. मोहोळ, मंगळवेढा, माळशिरसकडच्या मुलांना लाल मातीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. आपल्या कुस्तीत जय-पराजय ठरतो तो पाठीवर. पाठ टेकली की चितपट, आणि तसा निर्णय पंच देतो. पैलवानाने स्वतः 'हरलो' म्हणायची वेळ सहसा येत नाही. मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत तर गळा दाबणे, बोटे पिरगळणे आणि हात ९० अंशांपेक्षा जास्त पिळणे हे नियमबाह्यच आहे.

ज्युदो आणि जिउ-जित्सू यांत वेगळा प्रकार आहे. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला नीट पाठीवर आपटले की डाव संपतो. तो संपला नाही, तर जमिनीवरची झटापट सुरू होते. तिथे जिंकण्याचे तीन मार्ग असतात: प्रतिस्पर्ध्याला पाठीवर २० सेकंद दाबून धरणे, गळ्यावर चोक लावणे, किंवा कोपराला लॉक लावणे. यातल्या शेवटच्या दोन पकडींना सबमिशन म्हणतात. त्यात लढत कोण संपवतो? ज्याला पकडले आहे तो स्वतः. तो हाताने किंवा पायाने दोनदा थाप देतो, किंवा तोंडाने सांगतो, आणि पकडणारा त्या क्षणी सोडतो.

तालमीतून आलेल्या मुलांची इथे एक गफलत होते. पाठ टेकू द्यायची नाही, ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की अडचणीत आले की ती पटकन पोटावर पालथी होतात. कुस्तीत ते शहाणपणाचे असते. सबमिशनच्या खेळात त्याच क्षणी त्यांची मान मागून उघडी पडते आणि चोक लागतो. त्यावर दुसरी सवय जोर करते: काहीही झाले तरी सोडायचे नाही. या दोन सवयी एकत्र आल्या की दुखापत ठरलेली. म्हणून कुस्ती येणारा मुलगा या खेळात 'आधीच तयार' आहे असे समजू नये. त्याला थाप तर अगदी पहिल्यापासून शिकवावी लागते.

एका विहारात सुरू झालेला खेळ

ज्युदोचे जनक जिगोरो कानो. १८८२ साली टोकियोतील एइशो-जी या बौद्ध विहारात अवघ्या १२ चटयांच्या जागेत त्यांनी आपली शाळा सुरू केली. तीच पुढे कोदोकान म्हणून जगभर ओळखली गेली. कानो तेव्हा बावीस वर्षांचेही नव्हते. ते पेशाने शिक्षक होते आणि जपानची जुनी जुजुत्सू विद्या शिकले होते. ती विद्या मुळात रणांगणावरची. तिच्यात बोटे, मनगट, गुडघा, मान, काहीही मोडण्याचे डाव होते.

कानोंनी त्यातले घातक डाव सरावातून बाजूला काढले. पुढे नियम आणखी कडक होत गेले आणि आज ज्युदोत सांध्यांपैकी फक्त कोपरावर लॉक लावायला परवानगी आहे. गुडघा, घोटा, मनगट, मान यांना बंदी. याचा परिणाम काय झाला? घातक डाव असलेल्या विद्येचा सराव पूर्ण जोराने करताच येत नाही. तो लुटुपुटीचाच करावा लागतो. कानोंच्या विद्यार्थ्यांना मात्र रोज पूर्ण ताकदीने सराव करता येऊ लागला, कारण दुसऱ्या दिवशी दोघेही धडधाकट परत येत. सुरक्षितपणामुळे खेळ मवाळ होत नाही, उलट सरावाचे दिवस वाढतात आणि खेळाडू तयार होतो, हे ज्युदोने दाखवून दिले.

कानोंनी आपल्या विद्येची दोन सूत्रे सांगितली होती. एक, शक्तीचा उत्तम उपयोग. दुसरे, स्वतःचे आणि इतरांचे परस्पर कल्याण. जोडीदार हा आपल्याला शिकायला मिळालेले साधन नाही. आपण दोघे एकमेकांमुळे शिकतो. बहुजनांच्या हिताची भाषा ऐकत वाढलेल्या आपल्या तरुणांना हे दुसरे सूत्र समजायला जड जाऊ नये.

शरीरात नेमके काय होते

पकड घ्यायची तर ती कुठे दुखते आणि कुठे मोडते, हे माहीत हवे. मुलांना चित्र काढून सांगावे.

कोपर: आर्मलॉकमध्ये सरळ झालेला हात कोपरातून उलट बाजूला वाकवला जातो. कोपर बिजागरीसारखे आहे, ते एकाच बाजूला मिटते. उलट दाब आला की आधी ताण जाणवतो, मग कळ येते, मग आतले अस्थिबंध फाटतात. दाब हळू वाढवला तर ताण आणि फाटणे यांच्यामध्ये थाप द्यायला वेळ मिळतो. झटका दिला तर तो वेळच उरत नाही.

खांदा: हात कोपरात मुडपून पाठीमागे पिळला की खांद्यावर भार येतो. या पकडीला जगभर 'किमुरा' म्हणतात. १९५१ साली ब्राझीलमध्ये जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि एलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुराने ही पकड लावली, ग्रेसींनी थाप दिली नाही, हात मोडला आणि शेवटी त्यांच्या बाजूच्या माणसाने टॉवेल फेकून लढत थांबवली. ग्रेसींच्या जिद्दीचे गोडवे आजही गायले जातात. आमच्या मते त्या प्रसंगातून शिबिरात सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: थाप द्यायची ती वेळेवर, आणि खेळणारा देत नसेल तर थांबवणारा तिसरा माणूस बाजूला हवाच.

गळा: चोक दोन प्रकारे लागतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला की मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि साधारण दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. समोरून श्वासनलिकेवर दाब आला तर खूप दुखते, खोकला येतो आणि स्वरयंत्राला इजा होऊ शकते. शिकाऊ मुले नेमका हा दुसरा, चुकीचा दाब देतात. पहिल्या प्रकारातला धोका आणखी फसवा असतो, कारण त्यात फारसे दुखतच नाही. 'दुखले की थाप देऊ' म्हणणारा मुलगा थाप देण्याआधीच बेशुद्ध होतो. पकड सोडली की बहुतेक वेळा काही सेकंदांत शुद्ध येते. सोडली नाही तर मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो. 'बेशुद्ध करून दाखव' हा खेळ कधीही, कोणीही, गमतीतही करू नये.

गुडघा आणि घोटा: टाच धरून पाय पिळण्याची पकड रील्समध्ये फार लोकप्रिय आहे. तिच्यात कळ उशिरा येते; आतले अस्थिबंध फाटू लागले तरी वर विशेष जाणवत नाही. म्हणूनच ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या सर्वात मोठ्या स्पर्धा-संघटनेने ही पकड जॅकेट घालून होणाऱ्या लढतींत पूर्ण बंद ठेवली आहे. जॅकेटशिवायच्या लढतींतही २०२१ पासून ती फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढ खेळाडूंना मोकळी केली. तिथवर पोचायला वर्षानुवर्षे सराव लागतो. आपल्या शिबिरात तिला जागा नाही. मान पिळणे आणि मणक्यावर भार देणे हेही तसेच.

जपानने शिकलेला कटू धडा

ज्युदोच्या मायदेशातच एक भयंकर गोष्ट दीर्घकाळ दडून राहिली होती. ती उजेडात आणण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते ना ज्युदोपटू होते ना डॉक्टर. नागोया विद्यापीठातील र्‍यो उचिदा हे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी शाळांमधील अपघातांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा दिसले की १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदोमुळे शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला होता. त्यांत डोक्याच्या दुखापती मोठ्या संख्येने होत्या, आणि बळी पडलेल्यांत नव्याने खेळू लागलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रमाण लक्षणीय होते. पडायला नीट शिकण्याआधीच त्यांना आपटले जात होते.

प्रत्येक मृत्यूला त्या त्या ठिकाणी 'दुर्दैवी अपघात' म्हटले गेले होते. एकत्र मोजल्यावर कळले की हा दुर्दैवाचा भाग नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. फ्रान्समध्येही ज्युदो खेळणारी मुले लाखोंनी आहेत, पण तिथे असे चित्र नव्हते. २०१२ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत मार्शल आर्ट सक्तीचे होणार म्हटल्यावर पालकांनी आवाज उठवला. संघटनेला सूचना बदलाव्या लागल्या, डोक्याच्या दुखापतीची माहिती द्यावी लागली, आणि मृत्यू झपाट्याने घटले. २०१३ मध्ये तिथल्या महिला राष्ट्रीय संघातील १५ खेळाडूंनी प्रशिक्षकाच्या मारहाणीविरुद्ध तक्रार केल्याचे उघड झाले आणि मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद करण्यात आली, कारण जिंकण्याच्या हव्यासापोटी पालक आणि प्रशिक्षक मुलांवर जबरदस्ती करत होते.

जपानच्या बालनियमांत प्राथमिक शाळेतल्या मुलांना चोकही नाही आणि लॉकही नाही. माध्यमिकच्या खालच्या वर्गांत चोकला मर्यादित परवानगी आहे, पण लॉकला नाही. ज्यांचा हा खेळ आहे ते इतके सावध असतील, तर विहाराच्या हॉलमध्ये दहा वर्षांच्या मुलाला आर्मलॉक शिकवण्याची आपल्याला घाई कशाची?

थाप देताना लाज का वाटते?

मर्दानी विद्या आपल्या चळवळीला परकी नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले कसरत आणि दांडपट्टा शिकले. समता सैनिक दलाने समाजाला शिस्त आणि निर्भयता दिली. हा वारसा अभिमानाचा आहे. पण तालमीच्या संस्कृतीत आणखी एक गोष्ट असते: वस्तादापुढे तोंड उघडायचे नाही. शड्डू ठोकायला सगळेच शिकवतात, 'आता बस' म्हणायला कोणी शिकवत नाही.

समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर थाप न देण्याची कारणे मुलागणिक वेगळी दिसतात. मुलगा थाप देत नाही, कारण मित्र 'भित्रा' म्हणतील. मुलगी थाप देत नाही, कारण सोसायचे असते, बोभाटा करायचा नसतो, हे तिला घरादाराने लहानपणापासून शिकवलेले असते. वस्तीतले बुजरे पोर थाप देत नाही, कारण मोठ्याला थांबवण्याचा आपल्याला अधिकार आहे हेच त्याला कधी कळलेले नसते. तिघांचे कोपर मात्र सारखेच असते.

म्हणून थाप ही केवळ खेळाची खूण नाही. माझ्या शरीराबाबत शेवटचा शब्द माझा, हे सांगण्याचा तो सराव आहे. आणि पकडणाऱ्यासाठी तो त्याहून मोठा सराव आहे: समोरच्याने 'बस' म्हटले की कारण न विचारता, तोंड वाकडे न करता, त्याच क्षणी थांबायचे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ही सवय आठवड्यातून तीनदा लागली, तर ती मॅटपुरती राहणार नाही. ज्या समाजात पिढ्यान् पिढ्या आपल्या माणसांच्या 'नको'ला किंमत नव्हती, त्या समाजातल्या मुलांना ती किंमत हाताने मोजायला मिळते, हे कमी नाही.

या खेळात अंगाला अंग लागते, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीपटूंना कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करीत दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. पदके मिळवलेल्यांची ही अवस्था, तर शिबिरातल्या नववीच्या मुलीने कोणाकडे जायचे? मुलींच्या तासाला महिला प्रशिक्षक किंवा निदान जबाबदार महिला कार्यकर्ती पूर्णवेळ हजर हवी. कोणती पकड दाखवणार, कुठे हात लागणार, हे आधी सांगावे. जोडीदार निवडण्याचा आणि नाकारण्याचा हक्क मुलीचा असावा. बंद खोलीत, एकट्याला, वेगळ्या वेळी शिकवणी नको. पॉक्सो कायदा आणि १०९८ ही चाइल्डलाइन यांची माहिती पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावी.

विहारात शिकवायचे तर क्रम काय?

आधी जागा पाहा. शहाबादी फरशीवर सतरंजी, किंवा वर आणखी सोलापुरी चादर अंथरली म्हणजे मॅट होत नाही. योग्य मॅट किंवा नीट खणलेली तालमीची माती नसेल, तर उचलून आपटण्याचे डाव पूर्ण बंद. बसून आणि गुडघ्यांवर राहून पुष्कळ शिकता येते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी सराव ठेवू नये. सकाळी लवकर घ्यावा, पाणी हाताशी असावे. नखे कापलेली, अंगठ्या-साखळ्या काढलेल्या, गजकर्ण-नायटा असलेल्याला बरे होईपर्यंत विश्रांती. फिट येणारे, हृदयविकाराचे, मान-खांद्याच्या जुन्या दुखापतीचे विद्यार्थी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

मग प्रशिक्षक. शाळेच्या क्रीडा स्पर्धांत ज्युदोचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी केली तर मान्यताप्राप्त प्रशिक्षकांची माहिती मिळू शकते. त्यांना तीन प्रश्न विचारावेत: कोणाकडे आणि किती वर्षे शिकलात? लहान मुलांना कोणते डाव शिकवत नाही? मूल बेशुद्ध पडले तर काय कराल? दुसऱ्या प्रश्नाला 'आम्ही सगळेच शिकवतो' असे उत्तर आले, तर नमस्कार करून परत यावे.

शिकवण्याचा क्रम आम्ही असा सुचवतो.

पहिला टप्पा फक्त थापेचा. जोडीदाराच्या अंगावर, त्याला जाणवेल अशी, दोनदा थाप. जमिनीवर दिलेली थाप गोंगाटात कळत नाही. हात अडकले असतील तर पायाने, नाहीतर मोठ्याने 'बस'. हा शब्द सगळ्यांनी आधीच ठरवून घ्यावा. कोणतीही पकड नसताना याचा खेळ करावा: एकाने खांद्यावर हात ठेवायचा, दुसऱ्याने थाप द्यायची, पहिल्याने सोडायचे. पन्नास वेळा. मुलांना हसू येईल, येऊ द्या. सोडणे हे विचार न करता घडले पाहिजे.

दुसरा टप्पा पडण्याचा. हनुवटी छातीला लावून, डोके वाचवून, आधी बसलेले असताना मागे पडणे आणि मग उकिडवे बसून.

तिसरा टप्पा दाबून धरण्याचा. ना गळा, ना सांधे. केवळ आपल्या वजनाने जोडीदाराला पाठीवर २० सेकंद ठेवायचे आणि त्याने सुटायचा प्रयत्न करायचा. लहान मुलांचा अभ्यासक्रम इथेच संपवावा. यात भरपूर मजा आहे आणि भरपूर व्यायामही.

चौथा टप्पा, मोठ्या मुलामुलींसाठी, लॉकचा. तीन शब्द पाठ करून घ्यावेत: जागा, ताबा, दाब. आधी योग्य जागी पोचायचे, मग हात पूर्ण ताब्यात घ्यायचा, आणि सर्वात शेवटी दाब. तोही झटक्याने नाही, तर तीन-चार आकडे मोजत. सुरुवातीचे कित्येक दिवस 'ताबा' आला की तिथेच थांबायचे आणि जोडीदाराने तिथेच थाप द्यायची. कोपर खरेच दुखेपर्यंत वाट पाहणे ही बहादुरी नाही. ज्याला जागा आणि ताबा जमला त्याला लॉक आला. दाब कोणालाही देता येतो.

पाचवा टप्पा चोकचा. तो फक्त प्रौढांना, फक्त जाणत्या प्रशिक्षकासमोर, एका वेळी एकच जोडी आणि बाजूला एक पाहणारा. पाहणाऱ्याने जोडीदाराच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे लक्ष ठेवायचे. हात सैल पडला की थापेची वाट न पाहता सोडवायचे.

एखादा बेशुद्ध झालाच तर पकड तत्काळ सोडून त्याला उताणे झोपवावे, श्वास पाहावा, पाय थोडे वर धरावेत. तोंडावर पाणी मारणे, थोबाडीत देणे, पाणी पाजणे यांतले काही करू नये. श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी आणि कोणीतरी १०८ ला फोन लावावा. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली नाही, झटके आले, उलटी झाली, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तरीही १०८. शुद्ध आली तरी त्या दिवशी सराव बंद. पुढच्या काही दिवसांत मान किंवा डोके सतत दुखू लागले तर डॉक्टरांना 'गळा दाबला गेला होता' हे स्पष्ट सांगावे. मुले घरच्या भीतीने हे लपवतात.

हे सगळे तीन दिवसांच्या शिबिरात बसत नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल. जयंतीच्या मिरवणुकीत लेझमाचा एक डाव एकसारखा बसायला आपली मंडळे कित्येक रात्री सराव करतात. मानेवरचा डाव तीन दिवसांत कसा बसेल? शिबिरात पहिले तीन टप्पे घ्यावेत. ज्यांना पुढे शिकायचे आहे, त्यांना नियमित वर्गाकडे पाठवावे.

रस्त्यावर काय?

इथे कार्यकर्ते एक रास्त प्रश्न विचारतील: हल्लेखोर थाप ऐकणार आहे का? नाही. म्हणूनच मुलामुलींना खोटा आत्मविश्वास देऊ नये. खऱ्या हल्ल्यात या सरावाचा उपयोग होतो तो पकड सोडवण्यासाठी, तोल सांभाळण्यासाठी, अंगावर कोणी आले तरी न गोठण्यासाठी. सुटायचे, ओरडायचे, पळायचे. समोर दोघे-तिघे असतील तर एकाला लॉक लावून जमिनीवर बसणे म्हणजे बाकीच्यांच्या हाती सापडणे.

कायद्याचेही भान हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. हल्लेखोर सैल पडल्यावरही गळा दाबून धरला तर तो बचाव राहत नाही. अत्याचाराची तक्रार द्यायला गेलेल्या आपल्याच मुलांवर उलट गुन्हा दाखल होतो, हा अनुभव चळवळीला नवा नाही. कधी सोडायचे हे ज्याच्या हाताला माहीत आहे, तो इथेही वाचतो.

धम्माच्या नजरेतून

काही जणांना वाटेल, पाणातिपातापासून दूर राहण्याचे शील घेणाऱ्यांनी गळा दाबायला शिकावे तरी कशाला? प्रश्न टाळण्यासारखा नाही. ब्रह्मजाल सुत्तात मल्लयुद्धाचे खेळ पाहणे हे श्रमणाने टाळण्याच्या गोष्टींत गणले आहे. पण तो भिक्खूचा आचार आहे, संसारात राहणाऱ्या उपासक-उपासिकांना स्वतःचे आणि दुबळ्यांचे रक्षण करावे लागते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. आपल्या विषयाला तो नेमका लागू पडतो. सरावात गरज कधीच नसते. म्हणून तिथे इजा झाली तर ती इच्छेतून, बेफिकिरीतून किंवा अज्ञानातूनच झालेली असते. तिन्हींवर उपाय आहे.

'ललितविस्तर' या संस्कृत बौद्ध ग्रंथात तरुण सिद्धार्थाच्या कलांची परीक्षा वर्णिली आहे. ती इतिहास म्हणून नव्हे, तर आपल्या परंपरेने आदर्श मल्ल कसा कल्पिला हे पाहण्यासाठी वाचावी. गर्वाने अंगावर आलेल्या देवदत्ताला सिद्धार्थ एका हाताने उचलतो, फिरवतो आणि मैत्रीपूर्ण चित्ताने जमिनीवर ठेवतो. ग्रंथकाराला पुढे हेही मुद्दाम सांगावेसे वाटले की देवदत्ताच्या शरीराला इजा झाली नाही.

या सुट्टीत विहारात स्वसंरक्षणाचा तास ठरवणार असाल, तर प्रशिक्षकाला फोन करण्याआधी मंडळाच्या बैठकीत इतके ठरवा: बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना गळा आणि सांधे नाहीत, मुलींच्या तासाला महिला कार्यकर्ती, फरशीवर आपटणे नाही, आणि थाप देणाऱ्याला जो हसेल तो त्या दिवसापुरता मॅटच्या बाहेर. शेवटचा नियम सगळ्यात कडकपणे पाळा.

जय भीम, नमो बुद्धाय.